पाठमोरा मासा

"ज्ञानेंद्रियें पांच" हें वाक्य मीं तीस वर्षांत फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल, त्याची गणती नाहीं. एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, पांचच कशावरून?" सांख्यांनीं पांच सांगितलीं, तेवढें मला पुरेसें होतें, मीं त्याला तास संपेपर्यंत उभें ठेविलें. आतां काचबिंदूनें माझा एक डोळा नेला असून दुसराही अधू झाला आहे. सायंकाळीं नात वाचून दाखविते आणि मी ऐकतों. परवां तिनें आफ्रिकेंतील एका माशाची हकीकत वाचली, आणि तो मुलगा डोळ्यांपुढें उभा राहिला.

या माशाचें शास्त्रीय नांव जिम्नार्कस नायलोटिकस. नाईल, नायजर, व्होल्टा, गँबिया या नद्यांत आणि चाड सरोवराच्या प्रदेशांत त्याची वस्ती. लांबी दीड मीटरपर्यंत, अंग वामेसारखें, शेपटी उंदराच्या शेपटीप्रमाणें निमुळती आणि बिनपरांची. पाठीवर मात्र एकच लांबलचक पर असतो. त्याच्या लाटेनें तो पुढें जातो, आणि लाट उलटविली कीं तितक्याच सहजतेनें मागें येतो. पाणी गढूळ, शिकार रात्रींची, डोळे जेमतेम उजेड-अंधार ओळखण्यापुरते. तरी मागें सरतांना तो कशावर आदळत नाहीं!

केंब्रिजच्या हान्स लिसमान यांना याचेंच नवल वाटलें. १९५१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, हा मासा शेपटीकडून विजेचे अतिशय क्षीण ठोके अखंड सोडीत असतो, सेकंदाला सुमारें ३००. त्या विजेचें अदृश्य वलय त्याच्या भोंवतीं पसरतें. आड दगड आला कीं वलय एका प्रकारें बदलतें, दुसरा मासा आला कीं दुसऱ्या प्रकारें. आणि हा फरक त्याच्या कातडींतील सूक्ष्म रंध्रांना कळतो. पोहतांना तो अंग काठीसारखें ताठ कां ठेवितो, याचेंही कारण लिसमान यांच्या मतें हेंच: अंग वांकलें तर वलयही वेडेंवांकडें होईल.

मग १९५८ सालीं लिसमान व मॅकिन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मला फार आवडला. सच्छिद्र मातीचीं दिसावयास सारखीं भांडीं पाण्यांत ठेविलीं. एकांत नुसतें पाणी, दुसऱ्यांत काचेची बारीक कांडी. कोणत्या भांड्याजवळ खाद्य मिळतें हें मासा शिकला, आणि आंतील वस्तु न पाहतां भांडें अचूक ओळखूं लागला. "आजोबा, हें सहावें कीं हो!" नात म्हणाली. मीं तिला पुन्हां तो भाग वाचावयास लावलें.

स्वभावानें हा प्राणी तापट. पुराच्या पाण्यांत गवताचें तरंगतें घरटें करून त्यांत सुमारें हजार अंडीं घालतो आणि जवळ येणाऱ्याला चावावयास धांवतो. इतक्या संसारी माशाला रागही शोभतो. मला त्या दिवशीं वर्गांत आलेला राग मात्र कशाच्या रक्षणासाठीं होता?

विद्यार्थ्यांच्या नांवांची माझी जुनी वही कपाटांत आहे. अक्षरें आतां मला लागत नाहींत. त्या मुलाचें आडनांव शोधून द्यावयास नातीला सांगितलें आहे. तिचे दोन वर्ग पाहून झाले.