संपले का तुझे पेपर?

गणपतीत घरी गेले की आमच्या आत्याचा प्रश्न ठरलेला. "काय गं, संपले का तुझे पेपर?" तिच्या लेखी पेपर म्हणजे परीक्षेचा. चाळिशी आली तरी ही पोरगी अजून पेपरच देतेय, याचं तिला मनापासून वाईट वाटतं. तिला कसं सांगू, की आत्या, आमचे पेपर कधी संपतच नाहीत!

परवा मात्र मार्क मोजायची वेळ आली. बढतीचा फॉर्म भरायचा होता. शोधनिबंध किती, सायटेशन्स किती, एच-इंडेक्स किती. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे आत्यासाठी) सांगते. आपल्या निबंधाचा दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात संदर्भ दिला की ते एक सायटेशन. आणि एच-इंडेक्स ही हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलेली मोजपट्टी. माझा ११ आहे, म्हणजे माझ्या ११ निबंधांना प्रत्येकी निदान ११ सायटेशन्स आहेत.

यादी उतरत्या क्रमाने लावली आणि गप्पच झाले. सगळ्यात वर ६००च्या पुढे सायटेशन्स असलेला निबंध. त्याचे लेखक ४३, त्यात मी सत्ताविसावी. माझं काम काय, तर रक्ताचे नमुने गोळा करून ड्राय आइसमध्ये पाठवले आणि आलेल्या मसुद्याला 'ओके' म्हटलं. सगळ्यात खालच्या निबंधाला ४. त्याच्यासाठी मी तीन वर्षं घालवली होती. रक्तातलं एक प्रथिन मोजून क्षयरोग ओळखता येईल का, हा प्रश्न होता. उत्तर आलं, नाही. आणि त्या चारातली दोन सायटेशन्स माझीच!

अशा वेळी आमच्यातले लोक शंभूनाथ डे यांची गोष्ट काढतात. मीही मनातल्या मनात काढली. कॉलऱ्याचे जंतू काहीतरी विष तयार करत असावेत, हा तर्क रॉबर्ट कॉख यांनी १८८४ सालीच केला होता. पण ते दाखवायचं कसं? कलकत्त्यात डे यांनी सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्हीकडून बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सोडला. जंतू नसतानाही आतड्यात पाणी साठलं! १९५९ साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं. निबंधावर नाव एकट्या डे यांचं.

सुरुवातीची बरीच वर्षं त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. डे १९७३ साली निवृत्त झाले. १९७८ साली त्यांना नोबेल परिसंवादाला बोलावलं, तेव्हा कुठे लोकांना नाव कळू लागलं. १९८५ साली ते गेले. भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने हयातीत त्यांना फेलो केलं नाही. पुढच्याच वर्षी, सायटेशन्स मोजण्याची पद्धत ज्यांनी उभी केली त्या यूजीन गारफील्ड यांनीच डे यांच्या कामावर सविस्तर लेख लिहिला.

उलट बाजूला लाउरी. प्रथिनं मोजायच्या पद्धतीवरचा त्यांचा १९५१ सालचा निबंध. २०१४पर्यंत त्याला ३ लाखांवर सायटेशन्स मिळाली होती. हा काही आपला थोर निबंध नव्हे, हे खुद्द लाउरींनीच मोकळेपणाने सांगून टाकलं होतं!

झालं, माझं समाधान झालं. चहा केला. कप हातात घेतला आणि मग स्वतःचंच हसू आलं. डे यांचा निबंध दुर्लक्षित राहिला म्हणून थोर नव्हता. तो थोर होता, आणि दुर्लक्षित राहिला. माझा नुसताच दुर्लक्षित आहे. त्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायचा मला काय अधिकार?

पण मग तो निबंध वाया गेला का? तसंही वाटेना. 'इथून रस्ता नाही' अशी पाटी लावण्यापुरतं माझं काम होतं. ती पाटी कुणी वाचलीच नाही, तर आणखी कुणीतरी, कुठल्या तरी लॅबमध्ये, तीन वर्षं त्याच रस्त्याने चालत जाईल. माझे मार्क कमी झाले, याहून हे जास्त लागलं मनाला.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता, 'या निबंधातील आपले योगदान'. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने सांगितलं, तिथे सगळे 'संकल्पना व विश्लेषण' असं लिहितात. मी ६००वाल्यापुढे लिहिलं, 'नमुने गोळा करून पाठवले.' चारवाल्यापुढे लिहायला बसले तर जागा पुरेना, समासात लिहावं लागलं.

बढतीचं काय होईल ते होईल. या गणपतीत आत्याने विचारलं तर सांगणार आहे, एक पेपर अवघड गेला गं, पण सगळा मीच लिहिला होता.