फॉरमॅट मारावा लागेल

सोसायटीचा कॉम्प्युटर बसला तो ऐन सप्टेंबरात. ३० तारखेच्या आत वार्षिक सभा घ्यायची आणि खजिनदार मी, त्यामुळे घाई किती होती ते वेगळं सांगत नाही. एका अपडेटनंतर आमचं विंडोज १०चं मशिन सुरूच होईना, सारखं निळ्या पडद्यावर येऊन थांबायचं. मुलुंड स्टेशनजवळच्या एका दुकानात नेलं. तिथल्या मुलाने जेमतेम नजर टाकली आणि म्हणाला, ‘‘काकू, फॉरमॅट मारावा लागेल.’’

पडदा त्याच्या बाजूला होता, पण मी मान वाकडी करून वाचत होते. ‘ट्रबलशूट’, त्यात ‘रीसेट धिस पीसी’, आणि मग एकाखाली एक दोन पर्याय : वर ‘कीप माय फाइल्स’, खाली ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. ‘‘अरे, वरचं घे ना,’’ म्हणेस्तोवर त्याने खालचं दाबलंसुद्धा. पुढे मशिनने आणखी विचारलं, नुसत्या फाइली काढू की ड्राइव्ह पूर्ण साफ करू? शेवटी ‘रीसेट’ दाबण्याआधी काय काय जाणार तेही पडद्यावर आलं. म्हणजे यंत्राने पुन्हा पुन्हा विचारलं, माणसाने मला एकदाही नाही! ‘‘वरचं घेतलं की अर्धवट राहतं, मग तुम्हीच परत येता,’’ असं वर ऐकवलं. हिशेब सीएकडे होते म्हणून वाचले. पार्किंगचा तक्ता, नॉमिनेशनचे स्कॅन केलेले फॉर्म, गळतीचा सगळा पत्रव्यवहार गेला. हे सगळं डॉक्युमेंट्समध्ये होतं. वरच्या पर्यायाने प्रोग्रॅम गेले असते, फाइली राहिल्या असत्या. त्याच्याही आधी, त्याच पडद्यावर, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ होतं. ते करून तरी बघायचं!

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स बसली आणि आपल्या मुंबई विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. त्यावर उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवणे. फॉरमॅट नव्हे.

पण खरं सांगू? त्या मुलावरचा माझा राग पुढच्याच महिन्यात जरा उतरला. १४ ऑक्टोबर २०२५च्या विंडोज ११च्या अपडेटने रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माऊसच चालेनासे झाले. मायक्रोसॉफ्टला आठवड्याच्या आत वेगळी दुरुस्ती काढावी लागली. समोर पर्याय दिसतायत आणि बोट हलवता येत नाही. ज्यावरून मशिन सुरू करता येतं असा पेन ड्राइव्ह खिशात ठेवणारा तो मुलगाच मग शहाणा म्हणायचा.

तेव्हा मशिन धडधाकट आहे तोवरच ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ शोधून ३२ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह करून ठेवा, त्यावर आधी असलेलं सगळं पुसलं जातं. मशिन आधीच्या स्थितीत परत नेऊ देणारं ‘सिस्टीम प्रोटेक्शन’ बऱ्याचदा बंदच असतं, ते चालू करा. नव्या लॅपटॉपची डिस्क न विचारता लॉक झालेली असू शकते. तिची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. फाइलींची प्रत मात्र वेगळीच हवी, रिकव्हरी ड्राइव्हमध्ये त्या येत नाहीत. आणि मशिन दुकानात द्यावंच लागलं, तर पावतीवर ‘फाइली ठेवून’ एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या, सहीसकट.