अन्सर घराण्याचा पर्वत

‘घराणे’ हा शब्द कानी पडला की आपल्याला प्रथम गाणे आठवते. गुरूने शिष्याला समोर बसवून द्यावयाची तालीम आठवते. काकांकडून पुतण्याकडे, पित्याकडून पुत्राकडे झिरपत जाणारी विद्या आठवते. परंतु मोटारींच्या शर्यतीचेही घराणे असू शकते. अमेरिकेतील अन्सर कुटुंब हे असे एक घराणे होय. त्याची तालीम एका उंच पर्वतावर झाली. या कुटुंबाची हकीकत आम्ही वाचत गेलो ती वेगाच्या ओढीने नव्हे. धोक्याची वाट आपल्या मुलांच्या हाती आईबापांनी द्यावी काय, हा प्रश्न आम्हांला तिच्याकडे घेऊन गेला.

प्रथम त्या पर्वताविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. कोलोरॅडो राज्यात, कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहराच्या पश्चिमेस, ‘पाइक्स पीक’ हे शिखर उभे आहे. त्याची उंची १४,११५ फूट. ज्या झेब्युलन पाइकचे नाव त्याला मिळाले, तो १८०६ साली त्या प्रदेशात आला खरा, पण शिखरावर काही पोहोचू शकला नाही! पुढे स्पेन्सर पेनरोझ नावाच्या धनिकाने वरपर्यंत मोटारीचा रस्ता करविला आणि त्याची कीर्ती व्हावी म्हणून १९१६ साली तेथे शर्यत सुरू केली. ‘ढगांकडे नेणारी शर्यत’ असे तिचे लौकिक नाव. पहिल्या वर्षी रे लेंट्झ हा विजयी वीर २० मिनिटे ५५ सेकंदांत माथ्यावर पोहोचला.

या शर्यतीची रीत जगावेगळी आहे. येथे गाड्या खांद्याला खांदा लावून धावत नाहीत. एकेक चालक एकटाच निघतो आणि घड्याळाशी झुंजतो. शर्यतीचा आरंभच ९,३९० फुटांवर होतो. तेथून सुमारे २० किलोमीटर अंतर आणि १५६ वळणे पार करून तो माथा गाठतो. वर जावे तशी हवा विरळ होत जाते. पेट्रोलच्या इंजिनाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही व त्याची शक्ती घटत जाते. चालकालाही धाप लागते. पायथ्याशी ऊन असते, तेव्हा माथ्यावर गारा किंवा हिम पडत असावे, यात नवल नाही. कित्येक वळणांवर कठडा नसतो, बाजूला केवळ आकाश असते. वाटेवरील ठिकाणांची नावेच पाहा : एक ‘सैतानाचे क्रीडांगण’, तर दुसरे ‘अथांग गर्ता’!

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला विशेष भिडली. सरावाच्या दिवसांत हा रस्ता तुकड्यातुकड्यांनी वाटून दिलेला असतो. पहाटेच्या प्रकाशात, प्रवासी वर येण्यापूर्वी, कोणी खालचा टप्पा घोकतो, कोणी मधला, कोणी वरचा. संपूर्ण रस्ता पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका दमात चढावयाचा तो शर्यतीच्याच दिवशी, आणि तोही एकदाच. चुकले तर त्या वर्षी दुसरी संधी नाही.

या पर्वतावर अन्सर बंधूंची पहिली पिढी घडली. जो, जेरी आणि लुई हे ते भाऊ. त्यांपैकी जो १९२९ साली कोलोरॅडोतच शर्यतीच्या मोटारीची चाचणी घेत असताना मृत्यू पावला. घराण्याच्या आरंभीच असे एक थडगे आहे. तरीही लुई मागे हटला नाही. १९३४ ते १९५३ या काळात त्याने ही शर्यत नऊ वेळा जिंकली. जेरीने १९३६ साली न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की गाठून ‘रूट ६६’ या सुप्रसिद्ध महामार्गालगत गॅरेज उघडले. जेरी व लुई हे जुळे, मग बॉबी आणि धाकटा ॲल हे त्याचे चार मुलगे तेलाच्या वासात आणि पान्यांच्या खणखणाटात वाढले. वडिलांचे गॅरेज ही त्यांची शाळा झाली आणि काकांचा पर्वत हे त्यांचे विद्यापीठ.

बॉबीने १९५६ साली हा पर्वत प्रथम जिंकला. पुढे १९५८ ते १९६३ अशी सलग सहा वर्षे तोच विजयी होत राहिला. ही मालिका कोणी खंडित केली असेल? त्याच्याच धाकट्या भावाने! ॲलने १९६४ आणि १९६५ ही दोन्ही वर्षे आपल्या नावे केली आणि १९६६ साली बॉबीने विजय पुन्हा खेचून आणला. एकाच घरात वाढलेल्या दोघांनी एकमेकांना हरवावे आणि तरी घर एकसंध राहावे, ही गोष्ट आम्हांला त्या चषकांपेक्षा मोठी वाटते.

परंतु या कहाणीच्या मध्यावर एक काळी रेघ आहे. थोरल्या भावांपैकी जेरी हा इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरणारा पहिला अन्सर. १९५८ साली पहिल्याच फेरीतील भीषण अपघातात त्याची गाडी भिंतीपलीकडे फेकली गेली, तरी तो बचावला. पुढच्या वर्षी, १९५९ च्या मे महिन्यात, सरावाच्या वेळी त्याची गाडी आदळून पेटली. भाजलेल्या अवस्थेत काही दिवस झुंजून त्याने प्राण सोडला. मागे पत्नी आणि लहान मुले राहिली. धाकटा जॉनी तर अवघा सात महिन्यांचा होता.

त्या घरातील माउलीची त्या दिवसांत काय अवस्था झाली असेल? मुलाला मूठमाती देणाऱ्या मातेपुढे शब्द किती थिटे पडतात, हे आमच्या सेवाकार्यात आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. मेरी अन्सर यांचे दोन धाकटे मुलगे त्यानंतरही त्याच इंडियानापोलिसला गेले : बॉबी १९६३ साली आणि ॲल १९६५ साली. माताही त्या मैदानावर येत राहिली. मांस आणि तिखट मिरच्यांचे ‘चिली’ नावाचे झणझणीत कालवण मोठ्या भांड्यात रांधून ती चालकांना आणि यंत्रकामगारांना जेवू घालीत असे. सगळे तिला ‘मॉम’ म्हणूनच ओळखत. ज्या मैदानाने आपला पुत्र हिरावून नेला, त्याच मैदानावरील परक्या मुलांना तिने पोटभर वाढले.

जेरीचा मृत्यू आणखी एका अर्थाने वाया गेला नाही. त्यानंतर चालकांना आगीपासून बचाव करणारा पोशाख सक्तीचा झाला. आज कोणी चालक जळत्या गाडीतून चालत बाहेर येतो, तेव्हा त्याच्या अंगावर नकळत जेरीचे देणे असते. त्याचा जुळा भाऊ लुई यालाही पुढे मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या विकाराने गाठले. गाडी चालविणे सुटले, तेव्हा तो इंजिने बांधू लागला आणि त्या कामात त्याने नाव मिळविले. वाट बंद झाली म्हणून त्याने विद्या टाकून दिली नाही.

पुढचा इतिहास विजयांचा आहे. इंडियानापोलिसची शर्यत बॉबीने तीनदा (१९६८, १९७५, १९८१), ॲलने चारदा (१९७०, १९७१, १९७८, १९८७) आणि ॲलच्या मुलाने, धाकट्या ॲलने, दोनदा (१९९२, १९९४) जिंकली. एका कुटुंबाचे नऊ विजय! त्यांतील १९८७ चा विजय तर कादंबरीत शोभावा असा. त्या वर्षी ॲलला सुरुवातीला चालविण्यास गाडीच नव्हती. एक चालक सरावात जखमी झाल्यामुळे त्याला जागा मिळाली आणि त्याच्यासाठी आणलेली गाडी एका हॉटेलात शोभेसाठी मांडून ठेवलेली होती. अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना तो जिंकला. इतक्या वयात ही शर्यत अन्य कोणीही जिंकलेली नाही.

पर्वतानेही या घराण्याला सोडले नव्हते. १९८३ साली धाकट्या ॲलने ११ मिनिटे ३८.३० सेकंदांत माथा गाठून विक्रम केला. १९८५ साली मिशेल मूतों या फ्रेंच महिलेने तो मोडला. लगेच पुढच्या वर्षी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, काका बॉबी पर्वतावर परतले आणि ११ मिनिटे ९.२२ सेकंदांचा नवा विक्रम त्यांनी घराण्याच्या नावे जमा केला. तोही १९८७ साली जर्मनीच्या वाल्टर र्‍योर्लने मोडलाच. विक्रम म्हणजे बर्फावर लिहिलेली अक्षरे.

त्यानंतर रस्ताही बदलला. पूर्वीची खडी-माती जाऊन २०११ पर्यंत माथ्यापर्यंत डांबर आले. २०१८ साली रोमँ द्यूमाने विजेवर चालणारी गाडी ७ मिनिटे ५७.१४८ सेकंदांत वर नेली. विजेच्या यंत्राला विरळ हवेची बाधा होत नाही. तरीही पर्वताचा धाक संपलेला नाही. २०१९ साली कार्लिन डन हा निष्णात मोटारसायकलस्वार अंतिम रेषेच्या अगदी नजीक मृत्युमुखी पडला आणि त्यानंतर तेथील मोटारसायकलींची शर्यत बंद करण्यात आली. २०२१ च्या मे महिन्यात बॉबी आणि डिसेंबरमध्ये ॲल, दोघेही भाऊ कालवश झाले.

मग आमच्या प्रश्नाचे काय? धोक्याची वाट मुलांच्या हाती द्यावी काय? नुसते ‘होय’ म्हणणे निष्ठुरपणाचे होईल, कारण जो आणि जेरी यांची थडगी साक्षीला उभी आहेत. नुसते ‘नाही’ म्हणावे तर ज्या विद्येने ते घर उभे राहिले, तीच आपण कुलूपबंद करून टाकतो. आम्हांला असे वाटते की, मुलाला काय द्यावे यापेक्षा ते कसे द्यावे, हे महत्त्वाचे आहे. खडीवर चाक कोठे घसरते, कोणत्या वळणाला वेग आवरावा, भाऊ कशाने गेला आणि आता अंगात काय घातल्यावाचून गाडीत बसू नये, हे सारे सांगून मग चावी हाती देणे, याला वारसा म्हणावे. यश तेवढे सांगून थडगे लपविले, तर त्याला वारसा कसे म्हणावे?

जेरीचा तो सात महिन्यांचा जॉनी मोठा झाला आणि १९९६ पासून सलग पाच वर्षे इंडियानापोलिसच्या शर्यतीत धावला. तो जिंकला नाही. पण ज्या धावपट्टीने त्याचा पिता नेला, तिच्यावर तो उतरला तो आगीपासून रक्षण करणारा पोशाख घालून, आणि शर्यत संपल्यावर सुखरूप घरी परतला.