घसारा

वस्तू विकत घेतली की दुसऱ्या दिवसापासून तिची किंमत उतरायला लागते, हे सत्य इतरेजनांना आयुष्यात ठेचा खाल्ल्यावर उमगतं. आम्हा कॉमर्सवाल्यांना ते कॉलेजातच, सोडवलेल्या उदाहरणांसकट पाजलेलं असतं. त्याला घसारा म्हणतात. बँकेत चिकटून मला बावीस वर्षं झाली. ह्या काळात मी पुष्कळ गोष्टी विसरलो, पण घसारा विसरलो नाही. कुकर, मिक्सर, सोफा ह्या सर्वांना मी दर एकतीस मार्चला मनातल्या मनात घसारा लावतो. सौ.चं म्हणणं असं, की माझ्या पगाराची वाढ पाहता मलाही कुणीतरी लावत असावं.

सगळ्यांत जबर घसारा संगणकाला. प्राप्तिकराच्या हिशोबात त्याचा दर ४० टक्के. (२०१७ पूर्वी तो ६० होता, पण वाचकांच्या सोयीसाठी मी ४० च धरतो.) घटत्या शिलकीच्या पद्धतीने लाख रुपयांचं यंत्र वर्षाने ६०,००० चं होतं, दोन वर्षांनी ३६,००० चं आणि पाच वर्षांनी ७,७७६ रुपयांचं. गंमत म्हणजे ह्या पद्धतीत वस्तू शून्यावर कधीच येत नाही. कितीही झिजली तरी काहीतरी उरतंच. मध्यमवर्गीय माणसाला ह्याहून मोठा दिलासा कुठल्या धर्मग्रंथात मिळेल?

तिकडे अमेरिकेत गॉर्डन मूर नावाच्या गृहस्थांनी हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगून ठेवली होती. चिपवर मावणारे भाग दरवर्षी दुप्पट होतील, असं ते १९६५ साली म्हणाले आणि १९७५ साली त्यांनी ती मुदत दोन वर्षांची केली. ह्याचा व्यवहारी अर्थ असा, की जो थांबेल त्याला तेवढ्याच पैशांत जास्त माल मिळेल. आमच्या घराण्याचा थांबण्यावर मूरसाहेबांच्याही आधीपासून विश्वास आहे. माझ्या मुंजीचा बँड थांबला होता, तो अजून आलेला नाही.

तर ह्या शास्त्राला २०२५ च्या हिवाळ्यात तडा गेला, आणि तो मला आमच्या गावी, शिवऱ्याला, दादाच्या मधल्या खोलीत दिसला.

शिवरे भोर तालुक्यात, पुणे-सातारा हमरस्त्यावर. मी पुण्याला नोकरीला, थोरला दादा गावी. त्याचं थोडं भात, दोन गाई आणि एक चिरंजीव. चिरंजीव बी.एस्सी.ला आहेत आणि त्यांना संगणकावर खेळ करायचे आहेत. 'खेळायचे' नव्हे, 'करायचे'. हा फरक दादाला समजावता समजावता एक आख्खा श्रावण गेला. त्यातच ऑगस्टमध्ये सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि दादा पारावरून ती बातमी अर्धीच घेऊन घरी आला.

"गेमवर बंदी आली म्हनं. बरं झालं आपण मशीन घेतलं न्हाई. पोलीस आले असते."

"आण्णा, ती रमीवर आलीय, पैशाच्या खेळावर. ई-स्पोर्ट्सला उलट मान्यता दिलीय त्याच कायद्यात."

"एकाच कायद्यात बंदीबी आन् मान्यताबी?" दादाने माझ्याकडे पाहिलं. मी सरकारी बँकेत असल्यामुळे सरकारच्या प्रत्येक कायद्याला मी जबाबदार आहे, असं आमच्या गावात धरून चालतात.

अखेर सप्टेंबरात मी पुण्यातल्या एका दुकानातून कोटेशन आणलं. एकंदर ६८,०००. त्यात रॅमच्या ३२ जीबीच्या जोडीचे ९,६००. रॅम म्हणजे काय, असं दादाने विचारलं तेव्हा पुतण्या म्हणाला, "आण्णा, गोठ्यातली गव्हाण. कणगीत दाणा कितीबी असू दे, गाईपुढे एका वेळी गव्हाणीत मावतं तेवढंच येणार." हे मला इतकं पटलं की मी ते आमच्या शाखेत दोनदा ऐकवलं. दादा म्हणाला, "भात घरात येऊ दे, मग घेऊ." रीतसर बोलणं झालं. इंद्रायणी कापली, झोडली, सडून विकली, आणि जानेवारीत मी पुन्हा त्याच दुकानात उभा राहिलो.

रॅमच्या त्याच जोडीला आता ३१,०००.

मी म्हटलं, कागद चुकीचा वाचताय. तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, हा भाव दुपारपर्यंतचा. चारला फोन करून या." हे वाक्य मी ह्यापूर्वी फक्त सराफाच्या तोंडून ऐकलेलं होतं. ते निदान गादीवर बसून, चहा पाजून बोलतात.

कारण विचारलं तर ते असं निघालं. संगणकाची ही स्मृती जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयवाल्यांनी जगभर जी अवाढव्य डेटा सेंटरं उभारायला घेतली आहेत, त्यांना स्मृती लागते ती टनावारी, आणि तीही उंची जातीची. ह्या तिघी मग तिकडेच वळल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर जाहीरच केलं, की 'क्रुशियल' ह्या नावाखाली तुमच्याआमच्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाला २९ वर्षं जो माल विकला, तो फेब्रुवारीनंतर बंद. एकोणतीस वर्षांचं गिऱ्हाईक! आमच्या बँकेत एवढ्या जुन्या खातेदाराला निदान कॅलेंडर देतात.

मी हे सगळं दादाला सांगितलं. मला वाटलं समजणार नाही. तो म्हणाला, "आंब्याचं असंच हाय. चांगला माल आखातात जातो, आन् आपण इथं रायवळ चोखत बसतो." अर्थशास्त्राच्या पुस्तकात ह्याला चार पानं लागतात.

रॅमचं एक झालं. खेळाच्या यंत्राचा जीव ज्यात असतो ते ग्राफिक्स कार्ड, त्याचं तर विचारूच नका. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० आलं, तिकडची किंमत १,९९९ डॉलर आणि वीज खाणार ५७५ वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे हे कार्ड झालं पाऊण हॉर्सपॉवरचं, आणि विहिरीवर बसवूनही पाणी थेंबभर काढणार नाही. शिवऱ्यात लाईट जाते. (ती कोण घालवतो, हे विचारायची पद्धत नाही. पाऊस पडतो तशी लाईट जाते.) असल्या गावात पाऊण घोडा टेबलावर बांधायचा म्हणजे धाडसच.

शिवाय ह्या नव्या कार्डांची एक युक्ती पुतण्याने मला कौतुकाने सांगितली, ती ऐकून माझ्यातला कारकून हादरला. पडद्यावरचं दृश्य सेकंदाला पुष्कळ चित्रांचं मिळून बनतं. पूर्वी कार्ड बिचारं प्रत्येक चित्र घाम गाळून काढायचं. आता ते एक चित्र खरं काढतं, आणि पुढची तीनपर्यंत चित्रं 'अशी असावीत' म्हणून अंदाजाने भरून टाकतं. एक व्हाउचर खरं आणि तीन अंदाजाने! आमच्याकडे ह्या कर्तबगारीबद्दल माणूस निलंबित होतो. तिकडे त्याच्यावर जाहिरात करतात. ह्याच कंपनीचे प्रमुख २०२२ साली म्हणाले होते की मूर यांचा नियम मेला. नियम मेल्यावर हिशोब अंदाजाने भरावे लागतात, हे मात्र मी बँकेत राहून समजू शकतो.

आता सुज्ञ वाचक म्हणतील, यंत्र विकत घ्यायचंच कशाला? भाड्याने घ्या. अशी सोय आहे. यंत्र दूर कुठेतरी कंपनीच्या गोदामात चालतं, तुमच्या घरी फक्त चित्र येतं आणि महिन्याचं बिल येतं. मी स्वतः ह्या बाजूचा होतो. भांडवली खर्च नाही, घसारा नाही, विम्याची भानगड नाही. मी कागदावर आकडे मांडून दाखवले. पुतण्याने गूगलच्या स्टेडियाचं उदाहरण दिलं. २०१९ च्या नोव्हेंबरात निघालं, १८ जानेवारी २०२३ ला बंद पडलं. पैसे परत दिले म्हणे, आणि ते चोख दिले. पण लोकांनी रात्री जागून जिथवर मजल मारली होती, ती मजल कित्येकांची तिथेच राहिली. दादा इतका वेळ सुपारी कातरत होता.

"भाड्याच्या ट्रॅक्टरनं नांगरट होती की," तो म्हणाला. "न्हाई होत असं न्हाई. पण आपल्या रानात वाफसा आला, की नेमका त्या दिवशी तो दुसऱ्याच्या वावरात असतो."

मी कागदाची घडी घातली.

मग मला आमच्या घरचं यंत्र आठवलं. २०१६ साली घेतलेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्यातलं विंडोज १० सेवानिवृत्त झालं, आणि अकराव्या विंडोजने त्याला वयामुळे कामावर घ्यायचं नाकारलं. (एक वर्षाची मुदतवाढ मिळत होती. आमच्या शाखेतल्या एका साहेबांना मिळाली होती तशीच : खुर्ची तीच, काम काही नाही.) त्या यंत्रात ८-८ जीबीच्या दोन जुन्या जातीच्या रॅमपट्ट्या होत्या. तेव्हा दोन्ही मिळून ५,००० ला घेतलेल्या. नऊ वर्षांच्या घसाऱ्यानंतर माझ्या वहीत त्यांची किंमत होती ५० रुपये ३९ पैसे. दुकानदाराने त्या उजेडात धरल्या, उलट्यासुलट्या केल्या आणि म्हणाला, "सहा हजार देतो."

वाचकहो, त्या क्षणी माझ्या पायाखालची बॅलन्सशीट सरकली. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या मालकीची कुठलीही वस्तू घेतल्या किमतीपेक्षा वर गेली नव्हती. शेअर घेतले ते पडले, फ्लॅट घेतला त्याच्यासमोर पूल झाला. आणि आज डोळ्यांदेखत पन्नास रुपयांचे सहा हजार होत होते. सौ.ने ते सहा हजार तिथल्या तिथे, मनातल्या मनात, पडद्यांच्या कापडात गुंतवलेसुद्धा. मी पट्ट्या रुमालात गुंडाळल्या आणि शिवऱ्याची वाट धरली. पडद्यांचा विषय आमच्याकडे अजून काढला जातो.

पुतण्याने सगळा बेतच बदलला. नवं न घेता जुन्या खोबणीचं यंत्र जुळवायचं ठरलं. २०१७ साली रायझन चिप ज्या एएम-४ नावाच्या खोबणीत बसून आले, त्याच खोबणीसाठी एएमडीने २०२४ सालीही नवे चिप काढले. म्हणजे आज हलका चिप बसवा, पुढे कधी पैसे आले की बोर्ड तोच ठेवून भारी चिप बसवा. ह्या एका गोष्टीसाठी त्या कंपनीला मी मनापासून हात जोडतो. नाहीतर नवी उशी घेतली की पलंग बदला, असा ह्या धंद्याचा एकूण स्वभाव आहे. कार्ड जुन्या बाजारातलं, आरएक्स ५८०, २०१७ सालचं. ह्या जातीची पुष्कळ कार्डं पूर्वी इथेरियमच्या खाणीत रात्रंदिवस जुंपलेली होती; सप्टेंबर २०२२ मध्ये ती खाणच बंद झाल्यावर मिळेल त्या भावाने बाजारात आली. तेव्हा जपून घ्यावं लागतं. दादाने ते हातात घेऊन पंखा फिरवला, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "ह्याचे दात कुठं बघायचे?" बैल घेताना तो एवढ्याच गंभीरपणे वाकतो.

आमच्या शेजारी खेड शिवापूरला कमरअली दरवेश यांचा दर्गा आहे. तिथला दगड अकरा जणांनी एकेक बोट लावून, दरवेशांचं नाव घेऊन उचलायचा असतो. आमचा दगड पाच बोटांत उचलला गेला. दादाचं भात, वहिनींची भिशी, पुतण्याने सुट्टीत हायवेवरच्या हॉटेलात गल्ल्यावर बसून मिळवलेले, माझ्या रॅमपट्ट्या, आणि आईने पितळी डब्यातून काढलेल्या नोटा, ज्यांतल्या दोन पाचशेच्या २०१६ सालीच बाद झालेल्या निघाल्या. त्या मी बँकवाला म्हणून माझ्याकडेच ठेवून आईला बदलून दिल्या. ३७,४०० त काम झालं.

रविवारी मधल्या खोलीत सतरंजी अंथरून पुतण्याने यंत्र जुळवलं. चिपवर तो कसलासा पांढरा मलम लावू लागला तेव्हा दादाने जन्मभराच्या अधिकाराने सांगितलं, "चुना कमी लाव, तोंड भाजंल." बटण दाबलं. काही नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. पुतण्याने एक पट्टी उपसली, फुंकर मारली, खटकन बसवली आणि पंखे फिरले. वहिनींनी हळदकुंकू वाहिलं. त्या पोराच्या तोंडावर जे होतं ते भाड्याच्या यंत्राने आलं असतं की नाही, मला सांगता येणार नाही. ते माझ्या कागदात कुठल्याच रकान्यात नव्हतं.

पहिला खेळ त्याने लावला तो 'राजी'. २०२० साली निघालेला, आणि केला कुठे, तर पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या मंडळींनी. हे तो दादाला तीन वेळा सांगत होता : "पुण्यात आण्णा, पुण्यात." सर्कशीतली एक मुलगी, तिचा धाकटा भाऊ राक्षसांनी नेलेला, ती त्याला शोधत निघते. हळूहळू गोठ्यात जायला उठलेला दादा दारातच थांबला. वहिनी पोळपाट घेऊन इकडेच आल्या. आई खाटेवर पुढे सरकून बसली.

"भावाला शोधती ना ती? मग वाटंत समद्यांशी भांडत का बसली?"

"आजी, ते राक्षस आहेत. वाट देत नाहीत."

"मग हान. हान त्याला."

पोराने हाणला. दार उघडलं, मुलगी आत शिरली, आणि लाईट गेली. खोलीत मिट्ट काळोख. पंखे घरघरत थांबले. दादा काडेपेटी शोधू लागला, वहिनी तव्याकडे धावल्या, मी खिशातला मोबाईल चाचपला.

अंधारातून आईचा आवाज आला, "सापडला का रं?"