अम्मीच्या फोनमधले आवाज

मी नांदेडला असतो, अम्मी लातूरला. एका दिवशी सकाळपासून चार वेळा फोन केला, तिने उचलला नाही. साखर आहे, वय झालंय, घरात एकटी. दुपारच्या सुट्टीत पाचव्यांदा केला तेव्हा उचलला. जीव भांड्यात पडला आणि लगेच आवाज चढला. "अम्मी, फोन कायकू नहीं उठाते तुम?"

ती शांतपणे म्हणाली, "किसका है क्या मालूम रे बाबा. सबका एकीच बजता. मैं समझी वो बँकवाला है."

हा बँकवाला म्हणजे आदल्या आठवड्यात आलेला एक फोन. "तुमचं खाते बंद होणार आहे, मेसेजमध्ये आलेला नंबर सांगा." अम्मीला मेसेज वाचता येत नाही, म्हणून वाचली. तो नंबर वाचून घ्यायला ती शेजारच्या काकूंकडे गेली आणि काकूंनी फोन हातातून काढून बंद केला. तेव्हापासून अम्मीने ठरवून टाकलं होतं की फोन उचलायचाच नाही.

आम्ही भावंडांनी मोठ्या हौसेने तिला स्मार्टफोन घेऊन दिला होता. व्हिडिओ कॉलवर नातवंडं दिसतील म्हणून. पण फोन करणाऱ्याचं नाव पडद्यावर अक्षरांत येतं, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. अम्मी कुरआन नाजरा पढलेली आहे. अरबी अक्षरं जुळवून ती भराभर वाचते. मात्र मराठी, उर्दू, इंग्रजी यातलं काही वाचत नाही. शिवाय आता साखरेमुळे डोळेही साथ देत नाहीत. मी दोन भाषा शिकवणारा मास्तर, आणि माझ्या आईला माझं नाव वाचता येत नाही, हे मी फोन विकत घेताना विसरलो होतो.

पुढच्या रविवारी एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठलं आणि जेवण झाल्यावर अम्मीचा फोन घेऊन बसलो. डोळ्यांचं काम कानांवर सोपवायचं होतं.

करायला ते सोपं आहे. तुमच्याही घरात असं कुणी असेल तर करून बघा. ज्याचा नंबर आहे त्याचं नाव उघडायचं, कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवायचं, तिथे रिंगटोन बदलण्याची सोय असते. फोनच्या कंपनीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे होते. फोनमध्ये भरून आलेल्या ट्यून मात्र मला नको होत्या. त्यांची नावं छान असतात आणि आवाज सारखेच. म्हणून मी आमच्या शाळेची घंटा रेकॉर्ड करून आणली होती. लोखंडी रुळाचा तुकडा आणि त्यावर हातोडी. ती फाइल फोनमधल्या रिंगटोनच्या फोल्डरमध्ये टाकली की यादीत दिसायला लागते. घंटा वाजली की मी.

उदगीरच्या आपाला तिच्या मुलीचा आवाज मागितला. तिने पाठवला, "नानी, फोन उठाओ ना!" पुण्याच्या भावाला रिक्षाचा हॉर्न दिला, कारण लहानपणी तो दिवसभर तोंडाने तोच वाजवत फिरायचा. काकूंना विचारलं, तुमच्यासाठी काय ठेवू? त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाल्या, "अहो अम्मी, आहात का घरात?" भिंतीपलीकडून गेली तीस वर्षं त्या हीच हाक मारत आल्या आहेत.

उरलेल्या सगळ्या अनोळखी नंबरांना फोनची मूळची ट्यून राहू दिली. अम्मीला एवढंच सांगितलं, ती वाजली की उचलायचं नाही. मग मी अंगणात जाऊन फोन लावला. घंटा वाजली. आतून अम्मी ओरडली, "मास्तर आया!"

एकेकाळी सगळ्यांचा फोन एकसारखाच वाजायचा. नोकियाची ती ट्यून आठवत असेल. स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ च्या रचनेतला तो तुकडा. एसटीत ती वाजली की दहा माणसं खिसे चाचपायची. आता प्रत्येकाला आपला आवाज निवडता येतो. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून तर एकाच अ‍ॅपमधल्या वेगवेगळ्या सूचनांनाही वेगवेगळे आवाज देता येतात. आपण निवडत मात्र नाही. दुकानातून जसा आला तसाच फोन वापरतो.

सगळं झालं असं वाटून मी उठणार, तेवढ्यात अम्मीने विचारलं, "इसमें अजान लगती क्या?"

तिच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत आता फजरची अजान लाउडस्पीकरवर होत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत भोंगा लावता येत नाही, आणि आपल्याकडे फजर वर्षभर सहाच्या आतच होते. नियम जुना आहे. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या सभेत राज ठाकरे यांनी मशिदींवरच्या भोंग्यांचा प्रश्न घेतला, आणि नियमाची आठवण सगळ्यांना झाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की लाउडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही.

न्यायालयाचं हे म्हणणं मला खटकत नाही. लाउडस्पीकर नवा आला तेव्हा खुद्द उलेमांमध्येच त्यावरून वाद झाले होते. आणि पाच मशिदींचे पाच भोंगे एकमेकांत मिसळले की एकही अजान धड ऐकू येत नाही, हे आमचे बुजुर्गही बोलून दाखवतात. काकूंचा नातू बारावीला आहे, नीटची तयारी करतो. लातूरमध्ये अशी पोरं गल्लोगल्ली आहेत. भोंगा आमचा असो, मिरवणुकीतला डीजे असो, त्याच्या डोक्याला ताप सारखाच. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा सगळ्यांसाठी लिहिलेली आहे. ती सगळ्यांना सारखी लागावी, एवढीच माझी तक्रार.

पण अम्मीचा प्रश्न नियमाचा नव्हता. तिला जाग येत नव्हती. पडल्या पडल्या अजान ऐकायची, तिचे शब्द पुटपुटायचे आणि मग उठायचं, ही तिची उभ्या आयुष्याची सवय. आता डोळा उघडतो तेव्हा उजाडलेलं असतं, आणि नमाज कजा झाल्याचं दुःख दिवसभर पुरतं.

अजान या शब्दाचा मूळ अर्थच कळवणे, जाहीर करणे. कानाला अरबीत 'उज्न' म्हणतात, तोही याच धातूतला. म्हणजे नोटिफिकेशनला चपखल शब्द हवा असेल तर तो आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. मदिनेत नमाजेसाठी लोकांना कसं बोलवायचं याचा विचार झाला, तेव्हा कुणी शिंग सुचवलं, कुणी नाकूस म्हणजे लाकडावर लाकूड आपटून करायचा आवाज. शेवटी अब्दुल्लाह बिन झैद यांना स्वप्नात ऐकू आलेले शब्द पसंत पडले आणि ते पुकारायचं काम हजरत बिलाल यांना मिळालं, कारण त्यांचा आवाज लांब जायचा. वाद्य नको, माणसाचा आवाज हवा, असं तेव्हा ठरलं. वर्गात हे सांगताना मी मुलांना आपल्या गावातली दवंडीही आठवायला लावतो. तिथेही हलगी वाजते ती लक्ष वेधायला, निरोप सांगतो तो माणूसच.

फोनमध्ये अजान लावताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, ती फोन आल्याची रिंगटोन म्हणून ठेवू नये. अनेक उलेमा हे सांगतात आणि कारणही पटण्यासारखं आहे. फोन उचलला की पवित्र शब्द मध्येच तुटतात, शिवाय फोन कुठेही वाजतो, न्हाणीघरातसुद्धा. वेळ झाल्याची सूचना म्हणून ठेवली तर गोष्ट वेगळी. दुसरी गोष्ट यंत्राची. अजानचं अ‍ॅप आपलं ठिकाण आणि सूर्याची स्थिती पाहून वेळ काढतं, म्हणून ठिकाण बरोबर हवं. नांदेड आणि लातूरच्या वेळेतही दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो. आणि स्वस्त फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप बंद करून टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करावं लागतं. नाहीतर ऐन फजरला फोन गप्प बसतो आणि दोष अ‍ॅपला जातो.

मी हे सगळं करत होतो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, माझ्याही फोनला पहाटेचा गजर लावून द्या. तुमच्या अजानवर उठायची मी. आता उशीर होतो."

२०१६ चा उन्हाळा आठवला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर घेऊन. त्या दिवसांत टँकरच्या हॉर्नकडे सगळ्या गल्लीचे कान लागलेले असायचे. पहाटे नंबर लावायचा असेल तर फजरची अजान हीच वेळ. अम्मी नमाजेला उठायची आणि काकू घागरी घेऊन. एकाच आवाजावर दोन घरं जागी व्हायची.

मी काकूंना विचारलं, "कुठला आवाज लावू?" वाटलं होतं त्या अजानच म्हणतील. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "कोंबडा आहे का?" आम्ही तिघंही हसलो. कोंबडा होता. लावून दिला.

मग अम्मीने सहज विचारलं, "तेरे में कौनसी है?"

मी जरा थांबलो. माझ्या फोनमध्ये अजान होती, २०२२ पर्यंत. त्या मे महिन्यात याच रस्त्याने लातूरला येत होतो. अहमदपूरच्या अलीकडे असरची वेळ झाली आणि खिशातून अजान सुरू झाली. त्याआधी दहा मिनिटं कुणाच्या तरी फोनवर आरती वाजली होती, तेव्हा कुणी मान वळवली नव्हती. आता दोन-तीन माना वळल्या. कुणी काही बोललं नाही, वाईट नजरेने बघितलं असंही नाही. पण रोज टीव्हीवर जे चाललं होतं ते डोक्यात होतं. मी घाईघाईने खिशात हात घातला आणि पहिली ओळ पुरी व्हायच्या आत आवाज बंद केला. घरी पोहोचायच्या आधीच सेटिंग बदललं. यादीत बोट जिथे पडलं तो आवाज ठेवला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अम्मीलाही त्या दिवशी सांगितलं नाही. नुसता आवाज वाजवून दाखवला. टप्‌.

अम्मीने कान टवकारले. "नल टपकरा क्या देख रे!"

लातूरच्या बाईला गळणारा नळ सहन होत नाही. ती खरोखर उठून मोरीकडे निघाली. मी तिला हाताला धरून बसवलं आणि सांगितलं, नळ नाही, माझा फोन आहे. तिला कळलं की नाही, माहीत नाही. एवढंच म्हणाली, "ये कैसी अजान रे बाबा."

परतीच्या एसटीत चाकूर गेल्यावर फोन काढला. त्या दिवशी माझ्याकडे वळलेल्या माना कदाचित वेळ बघायला वळल्या असतील, कदाचित नसतील. पण आवाज कुणी बदलायला लावला नव्हता, मीच बदलला होता. फोनमध्ये हा निर्णय दोन बोटांचा असतो, म्हणून तो किती मोठा आहे हे करताना समजत नाही. यादीत जाऊन अजान परत निवडली. आवाज निम्म्यावर ठेवला, शेजारच्या झोपलेल्या माणसाला त्रास नको म्हणून. निदान माझी समजूत तरी मी तशी घातली. वर्गात, मशिदीत आणि दवाखान्यात फोन गप्पच असतो, तो तसाच राहील.

गेल्या वर्षी वाचलं की मुंबईतल्या काही मशिदींनी तमिळनाडूत बनलेल्या एका अ‍ॅपवर नोंदणी केली आहे. मशिदीत अजान सुरू झाली की ती थेट फोनवर ऐकू येते. चांगली सोय आहे. पण ती अजान अ‍ॅप असलेल्यालाच ऐकू येणार. काकूंच्या घागरीपर्यंत ती पोहोचणार नाही. त्यांना आता कोंबडा उठवतो, आणि तो कोंबडा अम्मीला ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझा फोन वाजला. काळजात धस्स झालं, अशा वेळी येणारा फोन चांगला नसतो. अम्मी होती. फोनमधली अजान बरोबर वाजली, हे सांगायला. ती ऐकून जाग आली, उठून खिडकी उघडली, तेव्हा मशिदीतून मोअज्जिनची अजान ऐकू आली. भोंग्याविना, साध्या गळ्याची.

"धीमी आती," अम्मी म्हणाली, "मगर आती."