३० सप्टेंबरचा पट

बँकेच्या जगात ३१ मार्चला जे महत्त्व, तेच प्राथमिक शाळेच्या जगात ३० सप्टेंबरला आहे. त्या दिवशी पटावर जितकी मुले असतील, त्यावरून शाळेची संचमान्यता होते, म्हणजे तिला किती शिक्षक मिळणार हे ठरते. ताळेबंदाविषयी कोणताही जुना हिशेबनीस एक गोष्ट सांगेल. ते एका दिवसाचे चित्र असते, वर्षाचे नव्हे. सावंतवाडी शहरापासून थोड्या अंतरावर असलेल्या एका वाडीवरच्या शाळेला २०२५ साली याचा जो प्रत्यय आला, तो नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथीपर्यंतची. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, दोन खोल्या, पुढे पडवी आणि मागच्या बाजूला स्वयंपाकाची खोली. शिक्षक दोन. वयाने मोठ्या असलेल्या बाईंकडे मुख्याध्यापकपदाचाही कार्यभार आहे आणि जोडीला एक तरुण सर आहेत. बाई पहिली-दुसरीला घेऊन एका खोलीत बसतात, सर तिसरी-चौथीला घेऊन दुसऱ्या खोलीत. सकाळी परिपाठ होतो, हजेरी होते, आणि मग एकाच खोलीत एका बाजूला मुळाक्षरे व दुसऱ्या बाजूला हातच्याच्या वजाबाक्या सुरू होतात. पावसाळ्यात कौलांवरच्या आवाजाने बाईंचा आवाज मुलांपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा सगळी शाळा चित्रे काढते. या तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिला नसेल त्यांना ही अतिशयोक्ती वाटेल. परंतु घाटावरच्या आंबोलीत वर्षाकाठी ७ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि खालच्या गावांच्या वाट्याला त्यातला बराच येतो.

मे महिन्यात शाळेचा पट २४ होता. चौथीची ६ मुले उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. १६ जूनला शाळा उघडली तेव्हा पहिलीत ३ मुले आली. पानाफुलांचे तोरण बांधून, मुलांना ओवाळून त्यांचे स्वागत झाले. हिशेबाने पट २१ व्हायला हवा होता. प्रत्यक्षात वर्गात १९ मुले बसली.

उरलेली दोन मुले चिरेखाणीवरच्या मजुरांची. सिंधुदुर्गातील घरे ज्या जांभ्या दगडाने उभी राहतात, तो चिरा कापणाऱ्यांत कर्नाटकातून आलेल्या मजुरांचा वाटा मोठा आहे. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे येतात, खाणीच्या कडेला पत्र्याच्या खोपीत राहतात आणि पहिल्या पावसाला खाणी बंद पडल्या की गावी शेतीच्या कामाला परततात. वाडीच्या शाळेत अशी चार मुले होती. त्यांतल्या दोघा बहीणभावांच्या वडिलांना सावंतवाडीत बांधकामावर काम मिळाल्यामुळे ते कुटुंब पावसाळाभर राहिले. दुसरे कुटुंब मे महिन्यातच गदगच्या बाजूला निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर दोन मुले.

येथे सामान्य माणसाला एक सोपा मार्ग सुचतो. मुले दिवाळीनंतर येणारच आहेत, तर त्यांची नावे पटावर चालू ठेवावीत. बाईंनाही तो सुचवला गेला. त्यांनी हजेरीपत्रक पुढे ठेवले आणि विचारले की सप्टेंबरपर्यंतच्या या रिकाम्या चौकटींत त्यांनी काय लिहायचे. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

दोन मुलांच्या फरकाने एवढे काय बिघडते, हे समजण्यासाठी थोडे नियमांत शिरावे लागेल. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार ६० पर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळत आले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने २० पर्यंत पट असलेल्या शाळेसाठी एक नियमित शिक्षक ठेवून, दुसरा गरजेप्रमाणे निवृत्त शिक्षकांतून घेण्याची तजवीज केली. म्हणजे पट २१ असेल तर बाई आणि सर दोघेही राहतात. १९ असेल तर सर अतिरिक्त ठरू शकतात आणि त्यांचे समायोजन दुसरीकडे होऊ शकते. मग चार इयत्ता, माध्यान्ह भोजनाची नोंद, ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या बैठका हे सारे एकाच व्यक्तीवर येते. बाई बैठकीला गेल्या तर त्या दिवशी शाळेत कोण, या प्रश्नाला नियमात उत्तर नाही.

वाडीला मात्र याहून मोठी भीती होती. २०२३ मध्ये राज्यात समूह शाळांची कल्पना पुढे आली, तेव्हा २० च्या आत पट असलेल्या शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक असल्याचे आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत असल्याचे आकडे प्रसिद्ध झाले होते. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही उदाहरणे त्या वेळी समोर ठेवली गेली. लहान शाळा एकत्र करून मुलांना वाहनाने एका सुसज्ज शाळेत आणावे, ही ती कल्पना. त्या काळात राज्याचे शालेय शिक्षणमंत्री सावंतवाडीचेच आमदार होते, त्यामुळे तिची चर्चा येथील चहाच्या टपरीवरही बारकाईने होत असे. कल्पना अगदीच टाकाऊ होती असे म्हणवत नाही. वर्गात एकच मूल असेल तर त्याला खेळायला, भांडायला, उत्तरात हरायला कोणी नसते. परंतु या वाडीपासून पुढची शाळा रस्त्याने जवळपास दोन किलोमीटर आहे आणि जवळच्या वाटेने गेल्यास मध्ये व्हाळ लागतो. त्यावर साकव आहे. जुलैत व्हाळाचे पाणी साकवाला टेकते, तेव्हा मोठी माणसेही पलीकडच्या काठावर उभी राहून पाणी उतरण्याची वाट पाहतात. नियमाने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. व्हाळ कसा मोजायचा ते त्यात सांगितलेले नाही.

नातवाला सोडायला येणाऱ्या एका आजींनी ऑगस्टमध्ये बाईंना पडवीतच गाठले. "बाईनू, शाळा बंद करतले म्हणतत, ता खरा काय?" बाईंनी तसे काही लेखी आले नसल्याचे सांगितले. आजींचे समाधान झाले नाही. त्या स्वतः याच शाळेत शिकल्या होत्या आणि त्या वेळी एका खोलीत दाटीवाटीने पोरे बसत, असे त्यांनी ऐकवले.

आजी सांगतात ते खरे असणार. जनगणनेचे आकडे तेच सांगतात. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ साली ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा घटला. तरुण मुंबईला, पुण्याला, गोव्याला गेले आणि त्यांची मुले तिकडच्या पटावर चढली. जी कुटुंबे राहिली त्यांत एक किंवा दोनच मुले. त्यांतलीही काही सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये बसून सावंतवाडीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. या वाडीतून सहा जातात. त्याबद्दल येथे कोणी कोणाला दोष देत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची स्वतःची मुलेही अनेकदा त्याच व्हॅनमध्ये असतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

२०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. चाकरमानी आले, आरत्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी माजी विद्यार्थ्यांनी देवळाच्या सभामंडपात शाळेसाठी बैठक घेतली. शाळेला रंग देऊ, मोठा टीव्ही देऊ, असे उत्साहाने ठरू लागले. बाईंनी नम्रपणे सांगितले की रंग दोन वर्षांपूर्वी दिला आहे, टीव्हीही आहे, कमी आहेत ती मुले. सभामंडप थोडा वेळ शांत झाला. मग डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी विचारले की निदान पोरांच्या खाण्याचे काही करता येईल काय.

हा प्रश्न नेमका होता. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि सोबत डाळ, कडधान्य, भाजी मिळते. नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे द्यावे असे ठरले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला आणि ते लोकसहभागावर सोपवले गेले. अंड्याविषयी समाजात मते वेगवेगळी आहेत आणि शाकाहारी घरांच्या भावना सर्वांना परिचित आहेत. वाडीने वाद न घालता मार्ग काढला. दर बुधवारी सर्वांना केळे. वर्षभराचे पैसे सभामंडपातच जमले. पंगतीत कोणाच्या ताटात काय आहे हे कोणाला पाहावे लागत नाही, ही गोष्ट शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या काकींना विशेष पसंत पडली. काकींना दरमहा २५०० रुपये मानधन आहे. त्या खिचडीत स्वतःच्या परसातला शेवगा घालतात, त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही.

सप्टेंबरमध्ये नवी अडचण उभी राहिली. आता पटावरचे मूल आधार क्रमांकाशी जुळावे लागते. राहिलेल्या बहीणभावांपैकी मुलीच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी होती आणि शाळेच्या दप्तरात वेगळीच. शिवाय कर्नाटकातल्या पद्धतीप्रमाणे वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर लावलेले. संगणकाला ती मुलगी ओळखू येईना. वर्गात ती रोज पहिल्या रांगेत बसत होती आणि नकाशात गदग कुठे आहे ते इतरांना दाखवत होती. ती जुळली नाही तर पट १८ धरला जाणार होता.

शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली. या समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष भाजीचा व्यवसाय करतात; त्यांनी बेळगावहून भाजीची गाडी घेऊन येणाऱ्या ओळखीच्या चालकाचे नाव सुचवले. मुलीच्या काकांनी गावातून जन्मदाखला काढून बेळगावपर्यंत आणला आणि चालकाने तो आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीत पोहोचवला. वडिलांनी एक दिवसाची मजुरी सोडली आणि तरुण सर त्यांच्याबरोबर आधार केंद्रावर गेले. पहिल्या दिवशी यंत्र बंद होते. दुसऱ्या दिवसाचीही मजुरी गेली. ज्या सरांची नेमणूक या मोजणीवर अवलंबून होती, त्यांनी दोन्ही दिवस त्या मुलीला मोती तलावाच्या काठावर शेंगदाणे घेऊन दिले, एवढेच वडिलांनी नंतर कौतुकाने सांगितले.

त्याच पावसाळ्यात राज्यभर पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून मोठे रण माजले होते आणि २९ जूनला शासनाने आपले निर्णय मागे घेतले. या शाळेत तिसरी भाषा त्याआधीच आली होती, कोणत्याही निर्णयाशिवाय. बाईंकडे चितारआळीतून आणलेली लाकडी फळांची टोपली आहे, सावंतवाडीची प्रसिद्ध रंगीत फळे. पहिलीला ती मोजायला देतात. बाईंनी आंबा उचलला की मुले "आंबा" म्हणतात आणि पाठोपाठ बहीणभाऊ "माविनहण्णु" म्हणतात. आता सगळी शाळा दोन्ही म्हणते. केळ्याला "बाळेहण्णु" म्हणतात हे कळल्यापासून बुधवारी पंगतीत तोच शब्द चालतो, आणि काकींनीही तो उचलला आहे.

३० सप्टेंबरला मंगळवार होता. मुलीची नोंद चार दिवस आधी जुळली होती. पट १९ असा नोंदवला गेला. सरांनी संध्याकाळी माहिती भरून संगणक बंद केला आणि दोघेही काही न बोलता दप्तर आवरत राहिले. सरांचे काय होणार ते पुढच्या संचमान्यतेत समजेल. त्यांनी चौथीच्या मुलांना वार्षिक संमेलनासाठी नाटक बसवायला घेतले आहे.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्या आठवड्यात खाणीवर पुन्हा यंत्रांचा आवाज सुरू झाला. सोमवारी सकाळी परिपाठ चालू असताना पडवीच्या पायरीशी गदगचे कुटुंब उभे होते. दोन्ही मुले परत आली होती आणि त्यांच्याबरोबर त्यांचा धाकटा भाऊ, पहिलीत बसण्याच्या वयाचा, आईच्या पदरामागे लपलेला. ज्या मुलीची जन्मतारीख जुळत नव्हती, ती रांग सोडून धावत गेली आणि कानडीत त्याला काहीतरी सांगू लागली. बाईंनी तिला रांगेत परत बोलावले नाही. परिपाठ संपल्यावर त्यांनी प्रवेशाचे रजिस्टर उघडले आणि आईला तिचे नाव विचारले.

मागच्या खोलीतून काकींनी नेहमीप्रमाणे हाक दिली. "बाई, आज किती?"

"बावीस," बाई म्हणाल्या.

काकींनी माप परत डब्यात घातले आणि १ किलो ९०० ग्रॅमच्या तांदळावर आणखी ३०० ग्रॅम ओतले.