जखम भरली, पण थांबली नाही



‘सोनारानेच कान टोचावे’ असं आपण म्हणतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर खामगाव ही रजतनगरी, सोनारांची काय कमी! तान्ह्या बाळाचे कान टोचले तर सहसा काही होत नाही. पण हल्ली मुली कॉलेजात गेल्यावर दुसरं, तिसरं भोक पाडून घेतात. माझ्या पुतणीनेही घेतलं. तीन-चार महिन्यांत तिथे बोराएवढी गाठ आली. सारखी खाजायची. त्यात स्थळं येऊ लागलेली. जाऊबाई म्हणाल्या, “पाहुणे यायच्या आधी कापूनच टाकू.”

त्वचेच्या डॉक्टरांनी थांबवलं. म्हणाले, हा केलॉइड आहे. कॅन्सर नाही, एकाचं दुसऱ्याला होतही नाही.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. जखम झाली की रोगप्रतिकारक पेशी तिथे धावतात. त्यातल्या मॅक्रोफेज पेशी आधी साफसफाई करतात, मग फायब्रोब्लास्ट पेशींना निरोप देतात की कोलॅजनचे धागे विणा, जखम सांधा. काम झालं की निरोप थांबायला हवा. केलॉइडमध्ये तो थांबत नाही. मॅक्रोफेज, टी पेशी, मास्ट पेशी तिथेच ठाण मांडतात आणि विणकाम चालूच राहतं. मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटतं, त्यानेही खाज येते. साधा फुगलेला व्रण जखमेच्या हद्दीत राहतो, केलॉइड हद्द ओलांडून पसरतो.

नुसतं कापलं तर ती नवी जखम. त्याच पेशी पुन्हा धावतात आणि निम्म्याहून अधिक वेळा गाठ परत येते, कधी आधीपेक्षा मोठी. म्हणून आधी गाठीतच स्टेरॉइडची इंजेक्शनं, काही आठवड्यांच्या अंतराने. त्यांनी या पेशी शांत होतात. कापावं लागलंच तर त्यानंतर इंजेक्शनं, सिलिकॉनची पट्टी किंवा कानावर दाब देणारी क्लिप लागते.

आपल्या शास्त्रात क्रोधाला रेघेची उपमा आहे. पाण्यावरची लगेच मिटते, दगडावरची राहते. मला तेच आठवलं. रक्षणासाठी उठलेलं बळही वेळेवर शमलं पाहिजे.

हा त्रास घराण्यात चालतो. सासूबाईंच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण असाच फुगलेला आहे. रोज दिसत होता, पण कोणी संबंध जोडला नव्हता. सावळ्या त्वचेत आणि साधारण दहा ते तीस या वयात हे जास्त होतं. अकरा वर्षांनंतर टोचलेल्या कानांत त्याचं प्रमाण अधिक आढळलं आहे. तेव्हा घरात कोणाला असा व्रण असेल तर हौसेचं भोक टाळाच. छातीवर किंवा खांद्यावर मुरुमाच्या जागी गाठ वाढू लागली तर चुना, बिब्बा लावू नका. डॉक्टरांना दाखवा.

पाहुणे आले तेव्हा पुतणी केस मागे बांधून बसली. मुलाच्या आईने विचारलं, तर तिनेच सगळं समजावून सांगितलं. होकार अजून आलेला नाही. गाठ मात्र तिसऱ्या इंजेक्शननंतर मऊ पडली आहे.